वाचनातील अक्षरबोध व ध्वनिबोध : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

प्रारंभिक वाचनातील प्रत्येक चूक एकाच प्रकारची नसते. 'ध' चा 'घ' वाचणे हा आकारबोधाचा प्रश्न होय; शिरोरेषेतील खंड नजरेतून निसटतो. रायगड किनाऱ्यावरील कोळी-आगरी बालक मात्र 'पाणी' हा शब्द 'पानी', 'नारळी' हा 'नारली' असा वाचते, तेव्हा अक्षर त्याने अचूक ओळखलेलेही असू शकते. घरच्या बोलीत 'ण', 'ळ' यांच्या जागी बहुधा 'न', 'ल' ऐकू येतात. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठी खंडात (१९०५) या बोलींची दखल आहे. अक्षरपत्रांतून 'ण' निवडता आला, तर भेद केवळ उच्चाराचा. खरी अडचण श्रुतलेखनात येते, कारण तेथे कानावरच भिस्त असते. वाचताना पदोपदी टोकल्यास बालक अर्थ सोडून शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागते.