शून्यापूर्वीच्या संख्या : महाराष्ट्रातील कोरीव लेखांच्या आधारे एक विवेचन

वैनगंगेच्या काठावरील पवनी (जि. भंडारा) येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष प्रकाशात आले. स्तूपाच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत लहान लहान लेख कोरलेले असून त्यांत दान देणाऱ्यांची नावे आढळतात. इसवी सनाच्या अलीकडील-पलीकडील त्या शतकांत दख्खनमध्ये दान, व्यापार आणि नाण्यांचा व्यवहार चांगलाच वाढला होता. आणि असा व्यवहार मोजणीवाचून चालत नाही. तथापि ज्या लिपीत हे लेख आहेत, तिच्या अंकचिन्हांत शून्य नव्हते.

शून्य नसते तर मोठ्या संख्या लिहिताच आल्या नसत्या, असे विधान वर्गात वारंवार केले जाते. शून्याचा शोध आर्यभटाने लावला, हे दुसरे विधानही तितकेच रूढ आहे. ही दोन्ही विधाने पुराव्यावर टिकत नाहीत. पहिल्याचे खंडन करणारा पुरावा तर महाराष्ट्राच्या कातळावरच कोरलेला आहे.

जुन्नरजवळील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. पहिले शतक मानला जातो. वैदिक यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची त्यात लांबलचक यादी असून गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे चिन्हांनी दिले आहेत. त्यांतील २४,४०० आणि ६,००१ या दोन संख्या येथे पुरेशा आहेत. २४,४०० लिहिताना कोरक्याने वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन चिन्हे शेजारी शेजारी कोरली. ६,००१ साठी सहा हजार आणि एक अशी दोनच. या पद्धतीत एक ते नऊ यांना स्वतंत्र चिन्हे, दहा ते नव्वद या दशकांनाही स्वतंत्र चिन्हे, आणि शंभर व हजार यांच्या चिन्हांना जोड देऊन त्यांच्या पटी दाखविल्या जात. जे नाही ते लिहायचेच नाही, असा हा सरळ मामला होता. रिकामी जागाच उरत नसल्यामुळे ती भरणाऱ्या चिन्हाचीही गरज भासत नसे. या अंकांच्या वाचनाचे महत्त्वाचे काम पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७० च्या दशकात केले.

नोंदीपुरते हे ठीक. परंतु हिशेबाचे काय? नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताच्या लेखात त्याचे उत्तर सापडते. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने ७०,००० कार्षापण दान दिले आणि पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या दराने ते २,००० सुवर्ण होतात, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांवरील व्याजाचे दरही त्यात आहेत. म्हणजे भागाकार येत होता, व्याज येत होते. येत नव्हते ते फक्त शून्याचे चिन्ह.

वरील दोन संख्यांचीच बेरीज करून पाहिली, तर फरक ध्यानात येतो. उत्तर ३०,४०१. ब्राह्मी पद्धतीने ते तीस हजार, चारशे आणि एक अशा तीन चिन्हांत मावते. स्थानमूल्य पद्धतीत मात्र तीन अंकांच्या मध्ये दोन शून्ये द्यावी लागतात; ती गाळली तर ३४१ उरतात. शून्याची गरज संख्येच्या मोठेपणातून निर्माण होत नाही. केवळ नऊ अंकांत, जागेच्या बळावर सर्व संख्या लिहावयाच्या ठरविल्या की ती निर्माण होते. धूळपाटीवर किंवा खडे मांडून हिशेब करताना रिकामे घर डोळ्यांना दिसतेच. ती मांडणी लेखणीने उतरवताना रिकाम्या घराला खूण लागते, आणि ‘शून्य’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘रिकामे’ असा आहे.

ही अडचण इतर संस्कृतींनाही जाणवली होती. साठ हा पाया मानणाऱ्या बाबिलोनी लेखनिकांनी इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास मधल्या रिकाम्या जागेसाठी दोन तिरप्या पाचरींची खूण वापरली. संख्येच्या शेवटी मात्र ती सामान्यतः देत नसत, त्यामुळे २ आणि १२० यांतील भेद संदर्भावरूनच ओळखावा लागे. मध्य अमेरिकेतील माया लोकांनी कालगणनेसाठी शून्याची चिन्हे स्वतंत्रपणे योजली. अग्रक्रमाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या गोष्टी दृष्टीआड करू नयेत.

भारतातही हा बदल एका रात्रीत झाला नाही. पाचव्या शतकात वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक (जि. अमरावती) ताम्रपटात एक हजार ब्राह्मणांना दिलेल्या गावाचे क्षेत्र ८,००० ‘भूमी’ असे नोंदविले आहे, आणि तेथील अंकचिन्ह जुन्याच पद्धतीचे आहे. त्याच शतकाच्या अखेरीस, ४९९ मध्ये, आर्यभटाने स्थानांचा दसपट क्रम सांगितला. पण त्याची स्वतःची संख्यालेखनपद्धती अक्षरांवर आधारलेली असून तीत शून्याचे चिन्ह नाही. तारीख असलेले सर्वांत जुने ज्ञात दशमान शून्य भारताबाहेर, कंबोडियातील संबोर येथील शिलालेखात आढळते. तेथे शके ६०५ (इ. स. ६८३) हे वर्ष मधोमध टिंब देऊन लिहिले आहे, शक मात्र आपल्या पंचांगातलाच. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील ८७६ च्या लेखात २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० माळा यांतील शून्ये स्पष्ट आहेत. बख्शाली हस्तलिखिताच्या पानांची कार्बन-कालमापनातील २०१७ ची निष्पत्ती तिसऱ्या-चौथ्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत पसरलेली असून ती अभ्यासकांत वादग्रस्त आहे. तिच्यावरून घाईने निष्कर्ष काढणे इष्ट नाही.

चिन्ह मिळाले तरी शून्य ही ‘संख्या’ होणे ही निराळी पायरी होय. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम दिले. शून्याला शून्याने भागल्यास शून्य, हे त्याचे मत मात्र आजच्या गणिताला मान्य नाही. ११५० मधील ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी शून्याच्या आठ परिकर्मांचा स्वतंत्र विचार केला आणि शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले. त्यांचे एक उदाहरण असे : एका राशीला शून्याने गुणावे, त्यात त्याचेच अर्धे मिळवावे, तिप्पट करावी आणि शून्याने भागावे, उत्तर ६३, तर राशी कोणती? भास्कराचार्य १४ असे उत्तर देतात. पुढे क्रिया शिल्लक असल्यास गुणक शून्य तसेच राखून ठेवावे आणि भाजक शून्य आल्यावर दोन्ही काढून टाकावीत, ही त्यांची युक्ती. आधुनिक नियमांत ती बसत नाही, पण शून्याकडे जाणाऱ्या राशींच्या विचाराची चाहूल तीत लागते.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने पाटण (ता. चाळीसगाव, जि. जळगाव) येथे मठ स्थापन केला. शके ११२८ (इ. स. १२०७) मधील तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. मठाच्या निर्वाहासाठी बाजारात येणाऱ्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर जे दान लावून दिले, त्याची नोंद त्या लेखाच्या अखेरीस तत्कालीन मराठीत केलेली आहे.