बारा हजारांचा बूट: घ्यावा का? आणि दुकानात ठेवावा का?

या आठवड्याच्या व्हिडिओत हा हिशोब जरा भरभर झाला, म्हणून इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

ऑनलाइन हल्ली ‘हंटिंग बूट’ नावाने दहा-बारा हजारांचे बूट दिसतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही. पण पावसाळ्यात बागेत फिरणारे, जंगलात ट्रेक करणारे गिऱ्हाईक हा बूट विचारतं. मग नवीन दुकानदाराला वाटतं, महाग माल ठेवला की मार्जिन मोठं. थांबा. आधी बघू, त्या बुटात पैसे कशाचे लागतात.

किंमत कशाची?

हे बूट मुळात थंड देशांसाठी बनतात. बर्फात, गोठलेल्या चिखलात तासन् तास उभं राहायचं, म्हणून आत निओप्रीनचा किंवा दुसरा ऊब धरणारा थर असतो. किमतीचा बराच भाग त्या उबेचा. आता रत्नागिरीचा जुलै आठवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवा दमट, अंगाला घाम. इथे ऊब म्हणजे पाय शिजवणं! म्हणजे गिऱ्हाईक ज्याचे पैसे देतं, तेच त्याला नको असतं.

आपल्या पायाला काय हवं?

एक, साप-विंचवापासून आडोसा. आपल्या कातळावर, सड्यावर फुरसं भरपूर. साप लहान, पण विषारी, आणि चावतो तो बहुतेक पावलाला नाहीतर घोट्याजवळ. पोटरीपर्यंतचा जाड गमबूट इथे खरा उपयोगी, आणि त्यासाठी बारा हजार लागत नाहीत. (बूट घालण्याआधी उलटा करून झटका. आत विंचू बसलेला असू शकतो.)

दोन, जांभ्यावरच्या शेवाळावर पाय न घसरणं. इथे तळव्याची नक्षी आणि रबराचा मऊपणा महत्त्वाचा.

तीन, काम कुठलं ते. भात लावणीला गमबूट चालतच नाही, चिखल त्याला ओढून धरतो. जेटीवर डिझेल आणि माशाचं तेल असतं. साधं नैसर्गिक रबर तेलाने फुगतं, म्हणून तिथे स्वस्त पीव्हीसी बूट महागड्या रबरी बुटाला भारी पडतो. आणि ग्रासकटर चालवणाऱ्याला पुढे स्टीलची टोपी असलेला बूट लागतो.

दिवसाचा हिशोब

पावसाळ्यात १०० दिवस वापर धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारातले घालून बघा.

- पीव्हीसी गमबूट: ४५० रुपये, एक पावसाळा. दिवसाला साडेचार रुपये.
- चांगला जाड रबरी गमबूट: १,५०० रुपये, तीन पावसाळे. दिवसाला ५ रुपये.
- आयात बूट: १२,००० रुपये, पाच पावसाळे. दिवसाला २४ रुपये.

पहिल्या दोघांत फरक फक्त ५० पैशांचा. बागेतल्या कामाला तो जरूर द्यावा, कारण घसरून गड्याचा हात मोडला तर किती दिवसांची मजुरी जाईल? पण तिसरा बूट ५ रुपयांवर यायला २,४०० दिवस लागतील. म्हणजे २४ पावसाळे. इतकी वर्षं रबर टिकत नाही हो!

गल्ल्याचा हिशोब

जीएसटी बाजूला ठेवू. समजा ९० हजार भांडवल आहे. आयात बूट ९,००० ला एक असे १० जोड येतील: पाच साइझ, प्रत्येकी दोन. सगळे विकले तर नफा ३० हजार. पण नुसतं भांडवल सुटायलाच आठ जोड विकले पाहिजेत, तेही बरोबर त्या-त्या साइझच्या गिऱ्हाइकाला.

आता रबरी गमबूट. १,१०० ने ८० जोड घेतले, ८८ हजार गेले. सगळे विकले तर नफा ३२ हजार. भांडवल सुटायला ५९ जोड विकायला लागतात. आकडा मोठा वाटतो ना? पण दहा बागायतदार आपल्या गड्यांसाठी सहा-सहा जोड घेऊन गेले की झालं. बारा हजार देणारी आठ माणसं शोधण्यापेक्षा हे दहा शोधणं सोपं.

जीएसटीचं पण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के, त्यावर १८ टक्के. महाग बूट तिथे आणखी महागतो.

आणि उरलेल्या मालाचं काय? कित्येक महाग बुटांचा तळवा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. दमट हवेत तो न वापरता, खोक्यातल्या खोक्यातही विरत जातो. दोन-तीन वर्षांनी गिऱ्हाइकाने घातला की तुकडे पडतात. आपल्या हवेत पडून राहिलेला माल नुसता अडकत नाही, तर सडतो.

मग महाग बूट कुणाला?

जो वर्षभर रोज मैलोन् मैल चालतो त्याला. वनरक्षक, सर्व्हेवाले, सह्याद्रीत ट्रेक नेणारे गाइड. त्यांनाही ऊब नको. घोट्याला आधार आणि पकड हवी. असा बूट ऑर्डर घेऊन, अर्धा ॲडव्हान्स घेऊन मागवा. शोकेसला एक जोड पुरे.

खरेदी कधी?

आपल्याकडे सीझन दोन. बागायतदार मे अखेरीला, पावसाच्या तोंडावर येतो. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे मिरकरवाड्याची मागणी जुलै अखेरीला उठते. म्हणून सगळा पैसा मे महिन्यातच रबरी बुटांत घालू नका. बागेच्या विक्रीतून आलेल्या पैशातून जेटीसाठी पीव्हीसी भरा. एकच भांडवल एका पावसाळ्यात दोनदा फिरेल.

आता गृहपाठ. तुमच्या दुकानातली सगळ्यात महाग वस्तू घ्या आणि तीन गोष्टी लिहा: गिऱ्हाइकाला ती दिवसाला कितीला पडते, भांडवल सुटायला किती नग विकावे लागतात, आणि पडून राहिली तर तिचं काय होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट देता येत नसेल, तर ती वस्तू ऑर्डरवरच मागवा.