दहाचे नाणे अधिक मोलाचे केव्हा होते?

चेन्नईच्या वायव्येस असलेले अंबत्तूर औद्योगिक वसाहतीसाठी प्रसिद्ध आहे. अशा कामगारवस्तीत चहाच्या टपरीपासून बसच्या तिकिटापर्यंत सुट्या पैशांची गरज पावलोपावली भासते. तरीही तामिळनाडूत गेल्या दशकात एक विचित्र परिस्थिती उद्भवली. दहा रुपयांची काही नाणी बनावट असल्याची अफवा पसरली आणि अनेक दुकानदार ती स्वीकारेनासे झाले. काही नाण्यांवर पंधरा किरणे होती, तर काहींवर दहा; काहींवर रुपयाचे चिन्ह होते, काहींवर नव्हते. अखेर १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की तोवर दहा रुपयांची नाणी चौदा प्रकारच्या नक्षीत निघाली असून ती सर्व वैध चलन आहेत. रुपयाचे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले व २०११ पासून नाण्यांवर आले. साहजिकच त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते नाही.

गंमत अशी, की ज्या फरकांनी दुकानदार साशंक झाला, तेच फरक नाणेसंग्राहकाच्या कुतूहलाचा विषय असतात. मात्र फरक म्हणजे मूल्य नव्हे. दर्शनी मूल्यापेक्षा अधिक किंमत येण्यास काही ठरावीक कारणे लागतात.

संख्या आणि मागणी

पहिले कारण म्हणजे नाण्यांची संख्या. ब्रिटनच्या टांकसाळीने २००९ मध्ये क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या स्मरणार्थ पन्नास पेन्सचे नाणे काढले. त्याची केवळ २,१०,००० नाणी पाडली गेली होती. ही संख्या २०१४ मध्ये चर्चेत येईपर्यंत लोक ते नाणे पन्नास पेन्सलाच खर्च करीत होते. त्यानंतर संग्राहकांची त्यावर झुंबड उडाली. नाणे तेच होते. बदलली ती माहिती आणि तिच्यामागून आलेली मागणी.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडचे आहे. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. परंतु ती घराघरांतील डब्यांत अजूनही पडून आहेत. बंद झालेले नाणे आपोआप दुर्मीळ होत नाही.

टांकसाळ आणि धातू

भारतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे टांकसाळी आहेत. नाण्यावरील सालाखाली बारकाईने पाहिल्यास टांकसाळीची खूण आढळते. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा व नोएडाची ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. एकाच सालाचे, एकाच नक्षीचे नाणे एका टांकसाळीतून विपुल आणि दुसरीतून अल्प निघालेले असू शकते. १९८५ साली आणि पुढे नव्वदच्या दशकात काही नाणी परदेशांतूनही पाडून आणली गेली. मात्र ती मोठ्या प्रमाणावर आल्याने केवळ परदेशी खुणेमुळे त्यांना भाव येत नाही.

धातू बदलण्याचा संधिकालही महत्त्वाचा ठरतो. लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ २००७ साली निघालेले पाच रुपयांचे पोलादी नाणे सहज मिळते. त्याच नाण्याचा तांबे-निकेल मिश्रधातूतील प्रकार मात्र विरळा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे १९९९ चे दोन रुपयांचे किंवा संत ज्ञानेश्वरांचे त्याच वर्षीचे एक रुपयाचे नाणे मराठी माणसाने जिव्हाळ्याने जपावे असे आहे. पण जिव्हाळा आणि बाजारभाव या दोन वेगळ्या गोष्टी होत.

चूक आणि स्थिती

ठसा एका बाजूला सरकणे, किंवा एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूस उलटी उमटणे अशा टांकसाळीतील चुका तपासणीतून क्वचितच निसटतात. म्हणून त्यांना मोल असते. बाहेर आल्यावर ठोकून वा घासून केलेल्या विकृतीला मात्र काहीही मोल नसते. तसेच हातोहात फिरून गुळगुळीत झालेले नाणे आणि टांकसाळीतून जसेच्या तसे आलेले नाणे यांच्या किमतीत मोठी तफावत असते. चिंच किंवा रसायन लावून नाणे चकाकवले, की मूळ झळाळी जाते आणि किंमत वाढण्याऐवजी उतरते.

सावधगिरी

येथेच खरा धोका उभा राहतो. वैष्णोदेवीचे चित्र असलेले नाणे लाखो रुपयांना विकले जाते, अशा आशयाचे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. अशा संदेशामागील व्यक्ती नाणे खरेदी करण्याआधी 'नोंदणी शुल्क', 'कर' किंवा 'कमिशन' मागते. रक्कम भरली, की खरेदीदार नाहीसा होतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जनतेला सावध केले, की जुन्या नोटा व नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक सहभागी नसते, कोणतेही शुल्क घेत नाही आणि तिच्या वतीने तसे करण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही.

नाणे विकणाऱ्याने आधी पैसे भरावेत, ही मागणीच फसवणुकीची खूण समजावी. ओटीपी, कार्डाचा क्रमांक किंवा खात्याचा तपशील कोणालाही देऊ नये. एखादे नाणे खरोखर वेगळे वाटल्यास ते न घासता कागदी पाकिटात ठेवावे, साल व खूण टिपून घ्यावी आणि एकाहून अधिक जाणकारांना दाखवावे. जाहिरातीत मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. प्रत्यक्ष लिलावात मिळालेली रक्कमच विचारात घ्यावी. आणि गल्ल्यावर कोणी रुपयाचे चिन्ह नसलेले दहाचे नाणे पुढे केले, तर ते निःशंकपणे स्वीकारावे. ते दहा रुपयांचे आहे, यात मुळीच संदेह नाही.