नागरी वृक्ष : हवेचे राखणदार

वाहने, कारखाने व बांधकामे यांमुळे शहरांची हवा धूर आणि धुळीने भरून जाते. ती काही अंशी निर्मळ करण्याचे कार्य रस्त्याकडेचे वड, पिंपळ, कडुनिंब अबोलपणे करीत असतात. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून वृक्ष कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यातील कार्बन खोडात व मुळांत साठवितो. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनचाच असतो. ओझोन व नायट्रोजन डायऑक्साइड हे अपायकारक वायूही रंध्रांवाटे काही प्रमाणात शोषले जातात. पानांवर अडकलेले धूलिकण पावसाने धुऊन जातात.

तोडलेला वृक्ष जाळला वा कुजला, की साठलेला कार्बन पुन्हा हवेत मिसळतो. शिवाय जुन्या वृक्षाचा पर्णसंभार नव्या रोपास लाभण्यास कित्येक दशके लागतात. महाराष्ट्रात १९७५ च्या अधिनियमाने नागरी क्षेत्रांतील वृक्षांना संरक्षण मिळाले. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्ष मानले.

वृक्ष लावल्याने धूर कमी करण्याची जबाबदारी टळत नाही. तथापि रोपे लावण्याइतकेच उभे वृक्ष राखणे अगत्याचे आहे. ते प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य होय.