धानाच्या गोदामांतलें फॉस्फाइड आणि पोलादी भांड्यांतलें

गोंदिया तालुक्यांतील कामठा आणि त्याच्या आसपासचा सारा मुलूख धानाचा. तेथें धान पिकविणें जितकें कष्टाचें, तितकेंच तें किडीपासून राखणेंहि. त्यासाठीं गोदामांत ज्या करड्या गोळ्या वापरतात, त्यांतील मुख्य द्रव्य ॲल्युमिनियम फॉस्फाइड होय. धातु आणि स्फुरद यांच्या संयोगानें जो पदार्थ बनतो तो फॉस्फाइड. खताच्या पोत्यावर ज्याचें नांव असतें तोच हा स्फुरद. मात्र खतांत तो प्राणवायूशीं बांधलेला असतो, येथें थेट धातूशीं.

या गोळीस हवेंतील ओल लागली कीं फॉस्फीन वायु सुटतो. ३ ग्रॅमच्या गोळींतून सुमारें १ ग्रॅम. तो किड्याला मारतो तसा माणसालाहि मारतो, आणि त्यावर खास उतारा नाहीं. म्हणूनच कायद्यानें हा उपचार सरकारी यंत्रणा व जाणत्या कीड-नियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. निजावयाच्या खोलींतील कणगींत ही गोळी टाकणें म्हणजे घरच्यांच्या जिवाशीं खेळणें. 'वास आला कीं दार उघडूं' ही समजूतहि घातकच. शुद्ध फॉस्फीनला वास जवळजवळ नसतो.

मग सर्वच फॉस्फाइडें पाण्यापुढें अशीं हार खातात काय? तसें नाहीं, श्रोतेहो. ॲल्युमिनियम आपला विद्युत्भार बराचसा स्फुरदाकडे झुकवितो. त्यामुळें पाण्यांतील हायड्रोजन त्या स्फुरदाला सहज उचलून नेतो. निकेलच्या फॉस्फाइडांत धातूपण शिल्लक राहतें. त्यांतून वीज वाहते आणि साध्या ओलीनें तें ढळत नाहीं. इतकेंच नव्हे, तर पाण्यांतून विजेनें हायड्रोजन काढण्याच्या कामीं तें प्लॅटिनमच्या जागीं चालेल, असें २००५ मध्यें गणितानें सुचविलें गेलें, आणि २०१३ मध्यें अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया राज्य विद्यापीठांत त्याचे सूक्ष्म कण करून तें पडताळलें गेलें. प्लॅटिनमचा भाव ठाऊक असलेल्या गृहस्थास याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

हीं फॉस्फाइडें करावीं कशीं? जुनी रीत म्हणजे धातु व स्फुरद बंद नळींत घालून ८००–१००० अंशांवर दिवसच्या दिवस तापविणें. त्यानें कण जाडेभरडे होतात, आणि काम तर कणाच्या पृष्ठभागावर चालतें. दुसरी रीत आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरची सख्खी बहीण आहे. टेफ्लॉनचें अस्तर लावलेल्या जाड पोलादी भांड्यांत निकेलचा क्षार, तांबडा स्फुरद आणि एथिलीनडायअमीनसारखें द्रव घेतात, झांकण आवळतात आणि भांडें १५० ते २०० अंशांवर कांहीं तास भट्टींत ठेवतात. हें द्रव उघड्यावर ११७ अंशांस उकळतें. कोंडल्यामुळें तें त्याहून पुष्कळ तापूनहि द्रवच राहतें. त्यांत एरवीं न विरघळणारा स्फुरद क्रियेस तयार होतो आणि बारीक कण बनतात. द्रव बदललें कीं कणांचा आकारहि बदलतो. या विद्येंतील खरी मौज येथेंच आहे.

कुकरला शिटी असते, या साध्या भांड्याला बहुधा ती नसते. काठोकाठ भरल्यास द्रव फुगून भांडें फुटण्याचें भय. म्हणून वर मोकळी जागा सोडावी लागते. पूर्ण थंड झाल्यावरहि तें वायु ओढून घेणाऱ्या कपाटांतच उघडावें, कारण आंत थोडा फॉस्फीन उरलेला असूं शकतो. गोदामांतला शत्रु येथेंहि दबा धरून असतो.

भारत सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें हरित हायड्रोजनच्या राष्ट्रीय योजनेस मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लक्ष टन हें उद्दिष्ट. तेथें निकेल फॉस्फाइडचा उपयोग व्हावयाचा तर एक अडचण आधीं सुटली पाहिजे: आम्लांत तें हळूहळू झिजतें, आणि प्लॅटिनम तेथें अधिक टिकाव धरतें.