घराला कुलूप, आत मांजर

कुत्रा पाळला की घरच्यांचे पाय बांधले जातात आणि मांजर पाळले तर काही अडत नाही, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. मांजर आपले आपण पाहून घेते, कुठेतरी उंदीर पकडते, कुणाच्या तरी ओट्यावरचे दूध पिऊन येते. हा समज ज्या काळात तयार झाला, त्या काळात तो खराही होता. गावाकडच्या घरात कौलांवर आणि परसात फिरणारे मांजर, घरची माणसे चार दिवस लग्नाला गेली म्हणून उपाशी राहत नसे. मोहल्ल्यात दहा घरे असत आणि त्यातल्या दोन-तीन घरांच्या मागच्या दाराशी मासळीची डोकी ठरलेली असत.

मुंब्रा, मीरा रोड किंवा कोंढव्यातल्या पाचव्या मजल्यावरच्या मांजराची गोष्ट वेगळी आहे. त्याने दाराबाहेरचा जिना सोडला तर जग पाहिलेले नसते. त्याचे पाणी म्हणजे आपण भरलेला वाडगा आणि त्याचे अन्न म्हणजे आपण ठेवलेली बशी. बाहेरून कुलूप लागले की तो वाडगा सांडला तरी तो पुन्हा भरणारे कुणी उरत नाही.

आपल्या वाचकांना ती हदीस माहीत आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला खायला-प्यायला दिले नाही, जमिनीवरचे किडे-जिवडे खाऊन जगण्यासाठी सोडलेही नाही आणि ते मेले. त्यापायी ती स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. आपण ही हदीस बहुधा मुलांना मांजराला मारू नका हे सांगताना ऐकवतो. पण त्या स्त्रीने मांजराला काठीने मारले, असे त्यात कुठेच नाही. तिने कोंडले आणि दिले नाही, एवढेच. कोंडणे हा प्रकार आज फ्लॅटमध्ये राहणारा प्रत्येक मांजरवाला रोजच करतो, सुरक्षिततेसाठी करतो आणि त्यात गैर काही नाही. या हदीसच्या विवेचनात विद्वानांनीही हे स्पष्ट केले आहे की, खाण्यापिण्यात हयगय होत नसेल तर मांजर घरात ठेवण्यास हरकत नाही. प्रश्न ‘आणि दिले नाही’ या दुसऱ्या भागाचा आहे. तो भाग कुलूप लावून गावी जाताना नेमका समोर येतो.

(ओघाने एक गोष्ट. प्रेषितांच्या अंगरख्याच्या बाहीवर मांजर झोपले होते, म्हणून त्यांनी बाही कापून घेतली, ही कथा फार लोकप्रिय आहे. हदीसच्या प्रमाणित संग्रहांत ती आढळत नाही. तिची गरजही नाही. हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करणार होते, तेवढ्यात मांजर आले, तेव्हा त्यांनी त्याला पिता यावे म्हणून भांडे तिरके केले आणि चकित होऊन पाहणाऱ्या आपल्या सुनेला, मांजर नापाक नाही, ते तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषितांचे म्हणणे सांगितले. हा प्रसंग अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे.)

आता हिशेब. सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांनी मनाला लावून घेण्याचे कारण नाही. मोठे, निरोगी मांजर दिवसाचा बराचसा भाग झोपण्यात घालवते. एक रात्र बाहेर राहावे लागले, तरी भरपूर पाणी, मोजके सुके खाणे आणि स्वच्छ वाळूचा ट्रे असेल तर निभावते. चोवीस तास ही मात्र मर्यादा समजावी. त्यापुढे दिवसातून निदान एकदा माणसाने घरात येऊन पाहिलेच पाहिजे. चार महिन्यांच्या आतले पिल्लू, म्हातारे मांजर, गाभण मांजरी आणि ज्याला औषध किंवा इन्सुलिन चालू आहे असे मांजर यांना ही चोवीस तासांची सवलत नाही. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खावे लागते.

‘आपा, दोन वाडगे जास्त भरून ठेवा, काय होतंय त्याला?’ हा सल्ला शेजारपाजारी हमखास मिळतो. काय होते ते सांगते. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम सुके खाद्य पुरते. पाच दिवसांचे एकदम ओतून ठेवले तर काही मांजरे पहिल्याच दिवशी ते संपवून ओकतात. उरलेल्यावर मुंग्या चढतात आणि मुंग्या चढलेले खाणे मांजर हुंगूनही पाहत नाही. (बशी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवावी, हा आपल्या आज्यांचा उपाय अजूनही सर्वांत चांगला.) शिजवलेली मासळी किंवा कोंबडी उन्हाळ्यात काही तासांत आंबते. आणि मांजराने खाणे सोडले तर ते माणसासारखे उपासाला बसत नाही. विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि मग ते खायला दिले तरी खात नाही. या आजारातून मांजर उठते, पण आठवडेच्या आठवडे नळीने खाणे भरवावे लागते.

याहून वाईट गोष्ट बोक्यांच्या बाबतीत घडते. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. पाणी कमी पडले, घर बदलले, माणसे निघून गेली, अशा ताणात त्यात खडे किंवा चिकट गाठ अडकून लघवी पूर्ण बंद होऊ शकते. लघवी तुंबली की रक्तात विष चढते आणि एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. घरात माणूस असेल तर बोका पुन्हापुन्हा वाळूत जाऊन बसतो, ओरडतो आणि ट्रे मात्र कोरडा आहे, हे दिसते. वेळेवर जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले तर नळी घालून तो वाचतो. कुलूपबंद घरात हे पाहणार कोण? कॅमेरा लावून मोबाइलवर पाहणारे आता बरेच आहेत. पण मक्केतल्या हॉटेलातून बोका कळवळताना दिसला, तरी घराची किल्ली कुणाकडे नसेल तर त्या दिसण्याचा उपयोग नाही. वेळ लावून खाणे टाकणारे यंत्रही बॅटरीवर चालणारे नसेल तर वीज गेली की गप्प होते.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची वस्तू वाडगा नाही, किल्ली आहे. किल्ली कुणाला द्यायची, हे तिकिटे काढतानाच ठरवावे, निघायच्या आदल्या रात्री नाही. उमराहला जाणाऱ्यांना दहा-पंधरा दिवस लागतात, हजला जाणाऱ्यांना सुमारे चाळीस. एवढ्या काळासाठी ‘अधूनमधून डोकावेन’ म्हणणारी शेजारीण पुरेशी नसते. रोज, शक्य तर दोनदा येणारे माणूस हवे आणि त्याच्या येण्यात खाडा पडला तर दुसरे कोण, हेही ठरलेले हवे. घरातलीच खाला, भाची किंवा कॉलेजला जाणारा पुतण्या मुक्कामाला आला तर उत्तम. मांजर माणसापेक्षा घराला अधिक धरून असते, म्हणून मांजराला दुसऱ्या घरी पाठवण्यापेक्षा माणसाला मांजराच्या घरी बोलावलेले त्याला सोसते. किल्ली घेणाऱ्याला काम नीट समजावून द्यावे. जुने पाणी फेकून वाडगा घासून नवे भरणे, ट्रेमधली घाण काढणे आणि काढताना लघवीचे गोळे किती आहेत ते पाहणे, आणि मांजर प्रत्यक्ष डोळ्यांना दिसल्याशिवाय दार ओढून न घेणे. ते पलंगाखालून बाहेर येणार नाही, लाजेल, फिस्कारेल, तरी वाकून पाहायचे. डॉक्टरांचा नंबर आणि थोडे पैसे फ्रीजवर लावून जायचे. एवढे करणाऱ्या माणसासाठी मदिनेहून खजूर जरा जास्तच आणावे लागतात, ते आलेच.

पाणी चार किलोच्या मांजराला दिवसाला, खाण्यातले धरून, सुमारे २०० मिली लागते. पण एकच वाडगा ठेवू नये, वेगवेगळ्या खोल्यांत तीन-चार ठेवावेत, जड आणि पसरट, ट्रेपासून लांब. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. घाण ट्रेमध्ये मांजर जात नाही, रोखून धरते, आणि मग वर सांगितलेली अडचण.

निघताना घर मांजराच्या नजरेने पाहावे. ज्या घरात शिलाई मशीन आहे, तिथे सुई-दोरा हा मोठा धोका असतो. मांजर दोऱ्याशी खेळता खेळता गिळते आणि तो आतड्यात अडकतो. पॅरासिटामॉलची गोळी मांजराचे यकृत पचवू शकत नाही, एकच गोळी जीव घेऊ शकते. फिनेल, कपाटातल्या डांबरगोळ्या, उंदरांचे औषध, फुलदाणीतली लिली हे सगळे दाराआड किंवा घराबाहेर. कांदा-लसूण घातलेले सालन मांजराच्या रक्तपेशींचा नाश करते, तेव्हा ‘आमचा भातसालन खातो’ म्हणून शेजारणीला तसे सांगून जाऊ नये. शिजवलेली हाडेही नकोत, फुटून टोचतात. बकरी ईदनंतर गावी निघणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

खिडक्या. मांजर उंचावरून पडले तरी चार पायांवर उतरते, हे अर्धसत्य आहे. न्यूयॉर्कमधल्या एका प्राणी-रुग्णालयात आलेल्या, इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी नव्वद टक्के वाचली. लोक ‘नव्वद टक्के’ लक्षात ठेवतात आणि ‘उपचार मिळालेल्यांपैकी’ विसरतात. छाती, जबडा, पाय यांना जबर मार बसलेली ती मांजरे कुणीतरी उचलून रुग्णालयात नेली होती. आपण गावाला असताना खाली पडलेल्या मांजराला कोण उचलणार? गॅलरीला कबुतरांसाठी लावलेली जाळी मांजर नखांनी उसवू शकते, ती तपासून घ्यावी.

पण सगळ्या खिडक्या घट्ट लावून जाणेही चालत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूर, औरंगाबाद किंवा नागपूरकडे वरच्या मजल्यावरचे बंद घर दुपारी भट्टी होते. जाळीच्या दोन समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या, पडदे ओढलेले, न्हाणीघराचे दार अडकवून उघडे ठेवलेले, कारण तिथली फरशी गार असते. मांजर तोंड उघडून धापा टाकताना दिसले तर त्याला उष्माघात झाला असे समजून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

किल्ली देण्यासारखे कुणीच नसेल तर पैसे घेऊन मांजर सांभाळणारी ठिकाणे आता शहरांत आहेत. तिथे आधी स्वतः जाऊन पाहावे. लसीकरणाचा कागद न मागता मांजर ठेवून घेणारी जागा टाळावी. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया नावाचा जीवघेणा विषाणू जागेवर वर्षभरही टिकतो. आपल्या मांजराची लस राहिली असेल तर ती निघण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी पूर्ण करावी.

एक पद्धत मात्र आपल्या वस्त्यांतून अजून गेलेली नाही आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. लांब जायचे ठरले की मांजर पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून द्यायचे, ‘तिथे त्याला खायला मिळेल’ म्हणून. घरात वाढलेल्या मांजराला तिथे काय मिळते? तिथल्या बोक्यांचा मार, कुत्री, रस्त्यावरच्या गाड्या. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत पाळलेल्या प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे दहा ते पन्नास रुपये. दंडाची रक्कम पाहून कुणी हसेलही, पण त्या रकमेवर हिशेब मिटेल, असे मानणाऱ्याने वरची हदीस पुन्हा वाचावी.

मांजराला आपली आठवण येते का, हे मुले नेहमी विचारतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठातल्या २०१९ च्या अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिल्लांनी आपल्या सांभाळणाऱ्याशी तसाच भरवशाचा लगाव दाखवला, जसा तान्ही मुले आईशी दाखवतात. स्वीडनमधल्या दुसऱ्या एका अभ्यासात अर्ध्या तासाने परतलेल्या मालकापेक्षा चार तासांनी परतलेल्या मालकाभोवती मांजरे जास्त गुरगुरली, जास्त आळोखेपिळोखे देऊ लागली. मुलांना ‘हो’ सांगायला हरकत नाही. निघताना अंगावरचा, न धुतलेला दुपट्टा किंवा कुर्ता त्याच्या झोपायच्या जागी ठेवून द्यावा, ओळखीचा वास त्याला धीर देतो.

परतल्यावर काही मांजरे रुसतात, पाठ फिरवून बसतात, एक-दोन दिवसांत सरळ होतात. खात नसेल, लपूनच राहत असेल किंवा ट्रे कोरडा असेल तर मात्र रुसवा समजून थांबू नये. आणि हज-उमराहून आलेल्यांच्या घरी पहिल्या दिवशी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. जमजम आणि खजूर वाटताना दार सताड उघडे राहते, चपलांच्या ढिगाऱ्यातून मांजर केव्हा जिन्यात उतरले, हे कुणाला कळत नाही. तेवढा दिवस त्याला पाणी, ट्रे आणि तो दुपट्टा देऊन आतल्या खोलीत ठेवावे आणि दाराची कडी लहान मुलांच्या हाताला येणार नाही अशी वर लावावी.