ईमचे ग्रामचर्च आणि एका गावाचा निर्धार

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात पीक डिस्ट्रिक्ट हा डोंगराळ प्रदेश आहे. दगडी बांधांनी विभागलेली कुरणे आणि शिशाच्या जुन्या खाणी ही या भागाची ओळख होय. याच प्रदेशातील ईम या लहानशा गावात सेंट लॉरेन्सचे अँग्लिकन चर्च आहे. चर्चची वास्तू मध्ययुगीन असून आवारातील कोरीव दगडी क्रूस त्याहूनही प्राचीन आहे. भिंतीवर १७७५ सालचे सूर्यघड्याळ दिसते. मात्र हे चर्च प्रसिद्ध आहे ते १६६५-६६ मधील प्लेगच्या साथीत गावाने घेतलेल्या निर्णयामुळे.

त्या काळी इंग्लंडमध्ये 'पॅरिश' म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील गाव हा ग्रामव्यवस्थेचा पाया होता. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचे बंधन १५३८ पासून प्रत्येक पॅरिशवर होते. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणाची जबाबदारीही पॅरिशवर आली. त्यामुळे पॅरिशचा धर्मोपदेशक हा उपासनेबरोबरच गावाच्या सार्वजनिक जीवनातही महत्त्वाचा पुरुष असे.

साथीचे आगमन

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. परंपरेने सांगितले जाते की, लंडनहून ईमच्या एका शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून हा रोग गावात शिरला. त्या घरी काम करणारा जॉर्ज व्हिकर्स हा पहिला बळी ठरला. ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याचे दफन झाल्याची नोंद आहे. हिवाळ्यात साथ ओसरल्यासारखी वाटली, परंतु १६६६ च्या उन्हाळ्यात तिने पुन्हा उग्र रूप धारण केले.

विल्यम मॉम्पेसन हे तरुण धर्मोपदेशक त्या वेळी गावात नवे होते. त्यांच्या आधीचे धर्मोपदेशक थॉमस स्टॅन्ली यांना धार्मिक मतभेदांमुळे पद सोडावे लागले होते. तथापि लोकांचा विश्वास त्यांच्यावर कायम होता. जून १६६६ मध्ये या दोघांनी मतभेद बाजूला ठेवून गावापुढे एक योजना मांडली. कोणीही गावाची सीमा ओलांडू नये, प्रत्येक कुटुंबाने आपल्या मृतांचे दफन स्वतःच करावे आणि चर्च बंद ठेवून उपासना कक्लेट डेल्फ या मोकळ्या दरीत, कुटुंबाकुटुंबांत अंतर राखून व्हावी, असे ठरले.

योजनेस पुरवठ्याची जोड होती. चॅट्सवर्थ येथील अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनी अन्नधान्य पुरविले. शेजारच्या गावांतील लोक सीमेवर वस्तू ठेवून जात. सीमेवरील दगडाला पाडलेल्या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात मोबदल्याची नाणी ठेवली जात. तो सीमादगड आजही पाहावयास मिळतो.

या निर्धाराची किंमत मोठी होती. एलिझाबेथ हॅन्कॉक या स्त्रीने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत पती आणि सहा मुले यांना स्वतःच्या हातांनी मूठमाती दिली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन २५ ऑगस्टला मरण पावली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. नोव्हेंबरपर्यंत साथ संपली, तेव्हा सुमारे २६० ग्रामस्थ दगावले होते.

नोंदवहीचे महत्त्व

या घटनेची कथा पुढे अनेकांनी रंगवून सांगितली. सगळेच समान त्यागी होते असे मानण्याचे कारण नाही. मॉम्पेसन यांनी स्वतःची मुले आधीच बाहेर पाठविली होती. परंतु पॅरिशच्या नोंदींत मृतांची नावे व दफनाच्या तारखा उपलब्ध असल्याने कथेची पारख करता येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संख्याशास्त्रीय अभ्यासात याच नोंदींच्या आधारे असा निष्कर्ष निघाला की, सुमारे तीन चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाकडे झाला असावा. गावाबाहेर साथ पसरू नये म्हणून गावाने स्वतःस कोंडून घेतले. पण घराघरांत मात्र ती फिरत राहिली, हे त्यावरून उमगते.

महाराष्ट्रालाही प्लेगचा दारुण अनुभव आहे. १८९६ साली मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात ही साथ आली. पुण्यात १८९७ साली लष्करी पथकांकरवी झालेल्या घरझडतीने लोकांत तीव्र संताप उसळला. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना या रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. साथीचे निर्बंध लोकांच्या विश्वासातील माणसांनी समजावून सांगितले आणि त्यांना अन्नपुरवठ्याची जोड मिळाली, तर ते पाळले जातात. केवळ सक्तीने ते लादले, तर विरोध वाढतो. हा धडा २०२० च्या कोविड साथीतही अनेक गावांनी अनुभवला.

ईममध्ये दरवर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी त्या मृतांचे स्मरण केले जाते. साडेतीनशे वर्षांनंतरही त्यांची नावे घेता येतात, कारण ती कोणीतरी वेळीच लिहून ठेवली होती. आपल्या ग्रामपंचायतीतील जन्ममृत्यूची नोंदवही हा रोजच्या कामाचा एक साधा भाग वाटतो. ती काळजीपूर्वक व वेळेवर भरणे हेही गावाच्या आरोग्यरक्षणाचेच कार्य आहे.